डब्यावरचा आकडा झाकून ठेवा : बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर मोजताना

एका वर्षी प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी भिंगं पुसून ठेवताना माझ्या हातून डब्यांची अदलाबदल झाली. डब्यावर नाभीय अंतर लिहिलेलं असतं, म्हणजे खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते. ‘१५ सेमी’ लिहिलेल्या डब्यात २० सेमीची सहा भिंगं गेली. दुसऱ्या दिवशी दहावीच्या सहा गटांनी प्रयोग केला आणि सहाही वह्यांत उत्तर आलं १५. कुणाचं १५.०, कुणाचं १४.९८. एका गटानं तर लिहिलं होतं की वस्तू २० सेंटीमीटरवर ठेवली आणि प्रतिमा ६० वर मिळाली. २० सेमीच्या भिंगासमोर बरोबर २० सेमीवर वस्तू ठेवली तर पडद्यावर काही उमटतच नाही! एका मुलीच्या वहीत मात्र खोडरबरानं घासलेली जागा होती. पान उजेडाकडे धरलं तर पुसट १९.६ दिसत होतं. तिनं मोजलेलं बरोबर होतं, शेजारच्या टेबलाकडे बघून तिनं ते खोडलं होतं.

तेव्हापासून प्रयोगाच्या दिवशी डबे कपाटात राहतात, टेबलावर नुसती भिंगं येतात. पुढचं सगळं अशाच भिंगांसाठी आहे, ज्यांचा आकडा तुम्हाला आधी माहीत नाही.

काय काय लागेल

भिंग शक्यतो १० ते २० सेमी नाभीय अंतराचं घ्या, व्यास पाच सेंटीमीटरच्या आसपास. ३० सेमीचं भिंग हौसेनं आणू नका. वस्तू आणि पडदा यांच्यात नाभीय अंतराच्या किमान चौपट जागा लागते, म्हणजे १२० सेमी, आणि मीटरपट्टी त्याआधीच संपते.

ऑप्टिकल बेंच (वस्तू, भिंग आणि पडदा ज्यावर सरकवता येतात ती खुणांची लांब पट्टी) असेल तर उत्तमच. नसेल तर टेबलावर चिकटपट्टीनं घट्ट बसवलेली मीटरपट्टी पुरते. भिंग उभं राहायला शाडूचा गोळा किंवा खाच पाडलेला थर्माकोलचा ठोकळा चालतो. पडद्याला जुन्या लग्नपत्रिकेचा मागचा कोरा भाग मला सगळ्यात आवडतो. जाड असतो, ताठ उभा राहतो आणि घरोघरी फुकट मिळतो. फक्त चकचकीत कागदाची पत्रिका नको, त्यावर प्रतिमेपेक्षा चमकच जास्त दिसते.

वस्तू म्हणून पुस्तकात मेणबत्ती असते. मेणबत्तीशी माझं फारसं पटत नाही. पंखा बंद करावा लागतो, ज्योत तरीही हलते, आणि अर्ध्या तासात तिची उंची दोन बोटं कमी होऊन प्रतिमा पडद्यावर वर सरकत जाते. त्यापेक्षा बटर पेपरच्या तुकड्यावर काळ्या स्केचपेननं दोन सेंटीमीटर उंचीचा ‘क’ काढा, तो पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावा. ‘क’च का? कारण तो वर-खाली सारखा नाही आणि डावी-उजवीकडेही सारखा नाही. पडद्यावर शिरोरेघ खाली आलेली आणि ‘क’चा बाक उलट्या बाजूला गेलेला दिसतो, तेव्हा ‘प्रतिमा उलट असते’ म्हणजे नक्की किती उलट असते हे वेगळं सांगावं लागत नाही. मेणबत्तीची ज्योत डावी-उजवी सारखीच, त्यामुळे तिथे निम्मी गंमत हरवते.

भिंग हातात आल्यावर आधी ते बहिर्वक्रच आहे ना हे तपासा. कडेला बोटं लावून कडा आणि मध्य चाचपला तर मध्य जाड लागतो. वर्तमानपत्रावर टेकवून हळूहळू वर उचललं तर अक्षरं मोठी होत जातात. मग मऊ सुती कापडानं पुसा आणि यापुढे फक्त कडेलाच धरा. बोटांचे ठसे पडलेल्या भिंगातून प्रतिमा येते, पण धुरकट येते, आणि मुलं मग स्पष्टता शोधत पडदा उगाच पुढेमागे नेत बसतात.

आधी ढोबळ अंदाज

खोलीतल्या खिडकीसमोरच्या भिंतीपाशी जा. शक्य तर त्या बाजूचे दिवे बंद करा. पाठ खिडकीकडे नको, तोंडही नको, आडवे उभे राहा. एका हातात पडदा, दुसऱ्या हातात भिंग, भिंग खिडकीच्या बाजूला. भिंग पुढेमागे करत बाहेरचं झाड, पाण्याची टाकी किंवा समोरच्या इमारतीचा गच्चीचा कठडा पडद्यावर स्पष्ट उमटेल अशी जागा शोधा. पहिल्यांदा हे बघणारं मूल हमखास ‘सर, रंगीत आहे!’ म्हणतं. उलटं, रंगीत, हलत्या पानांसकट असलेलं ते चित्र थोडा वेळ बघू द्या, मोजायची घाई नको. मग जोडीदारानं भिंगाच्या मध्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजायचं. भिंग उलटं फिरवून पुन्हा मोजायचं. तीन-चार वाचनं घेऊन सरासरी काढायची.

हे अंतर म्हणजे नाभीय अंतर, पण फक्त वस्तू खरोखर लांब असेल तरच. किती लांब? समजा भिंग २० सेमीचं आहे. वस्तू ५० मीटरवर असेल तर प्रतिमा २०.०८ सेमीवर पडते, पट्टीवर हा फरक दिसणारही नाही. १० मीटरवर असेल तर २०.४, म्हणजे चार मिलिमीटरची चूक. आणि वर्गाच्या खिडकीचे गज तीन मीटरवर असतील तर २१.४. पडद्यावर गज स्पष्ट आले आणि तुम्ही त्यांनाच ‘दूरची वस्तू’ समजलात, तर जवळजवळ दीड सेंटीमीटर चुकलात. म्हणून झाड स्पष्ट करा, गज अंधुक राहू द्या. भिंग कमी नाभीय अंतराचं असेल तर ही चूक बरीच कमी होते. १० सेमीच्या भिंगाला दहा मीटरवरची वस्तू फक्त एक मिलिमीटरचा फरक पाडते.

छतावरची ट्यूबलाइट वापरायचा मोह पावसाळ्यात फार होतो, बाहेर उजेडच नसतो. टेबलापासून ती दोनेक मीटरवर असते. अगदी अडलंच तर वापरा, पण मग तिचं अंतर मोजून खाली दिलेल्या सूत्रात घाला.

सूर्य मात्र नको. त्याच्यापेक्षा दूरची आणि तेजस्वी वस्तू शाळेत मिळणार नाही हे खरं, आणि त्याची प्रतिमाही ठरावीक मापाची पडते. १५ सेमीच्या भिंगानं साधारण १.४ मिलिमीटर व्यासाचा ठिपका. पण तो ठिपका कागद जाळतो, आणि भिंगातून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चाळीस मुलांच्या वर्गात ही जोखीम मी घेत नाही. प्रयोग संपल्यावर भिंगं उन्हाच्या खिडकीत विसरू नका, तेही याच कारणासाठी.

मांडणी

आता मुख्य प्रयोग. ढोबळ अंदाज समजा १५ सेमी आला.

मीटरपट्टीच्या एका टोकाला ‘क’, मध्ये भिंग, पलीकडे पडदा. तिघांचे मध्य एका उंचीवर आणि एका रेषेत हवेत, आणि भिंग व पडदा पट्टीला काटकोनात. हे डोळ्यानं जमत नसेल तर एक युक्ती: भिंग पट्टीवर मागेपुढे सरकवा आणि पडद्यावरची प्रतिमा बघा. ती मोठी-लहान होते ते ठीक, पण तिचा मध्य डावीकडे किंवा वर सरकत असेल तर मांडणी तिरकी आहे.

पट्टीचं शून्याचं टोक शाळेत बहुधा झिजलेलं असतं. वस्तू शून्यावर नको, १० वर ठेवा आणि वजाबाकी करा. वाचताना डोळा खुणेच्या बरोबर वर.

स्टँड वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासायला हवी. स्टँडच्या पायावरची खूण आणि भिंगाचा मध्य एका उभ्या रेषेत असतीलच असं नाही. त्यासाठी विणकामाची सुई घ्या. तिची लांबी आधी मोजून ठेवा, समजा २०.० सेमी. तिचं एक टोक वस्तूला, दुसरं भिंगाच्या पृष्ठभागाला टेकवा आणि पट्टीवर स्टँडच्या खुणांमधलं अंतर वाचा. ते २०.४ आलं तर पट्टी ०.४ जास्त दाखवते आहे, दर वेळी तेवढं वजा करायचं. इथे सुई भिंगाच्या पृष्ठभागाला टेकते, मध्याला नाही. पाच सेमी व्यासाच्या भिंगाची मध्यावरची जाडी पाच-सहा मिलिमीटर सहज असते, म्हणून निम्मी जाडी, तीनेक मिलिमीटर, मिळवा. अकरावी-बारावीत याला ‘बेंच करेक्शन’ म्हणतात. दहावीला कुणी विचारत नाही, पण उत्तर सातत्यानं एकाच बाजूला चुकत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वाचनं घेणं

वस्तूचं भिंगापासूनचं अंतर ‘यू’, प्रतिमेचं ‘व्ही’, नाभीय अंतर ‘एफ’. यू कधीच एफपेक्षा कमी नको, पडद्यावर प्रतिमा मिळणार नाही. अगदी एफच्या जवळही नको, प्रतिमा लांब, मोठी आणि फिकट होते. १५ सेमीच्या अंदाजाला यू २० पासून सुरू करा आणि ५० पर्यंत न्या. त्यात तीन वाचनं ३० च्या आत-बाहेर येतील असं बघा, कारण तिथे गंमत आहे, ती पुढे सांगतो.

प्रतिमा ‘स्पष्ट’ कुठे आहे हे ठरवणं हाच खरा प्रयोग आहे. बाकी सगळी वजाबाकी. पडदा हळूहळू मागे नेताना एका जागी ‘क’ची कड तीक्ष्ण होते, आणखी थोडं नेलं तरी तीक्ष्णच वाटते, मग बिघडते. म्हणजे स्पष्टतेचा एक बिंदू नसतो, पट्टा असतो. त्यावर उपाय असा: आधी भिंगाच्या बाजूनं पडदा बाहेर नेत ‘आता स्पष्ट झालं’ तिथे वाचा. मग लांबून भिंगाकडे आणत ‘आता स्पष्ट झालं’ तिथे वाचा. दोन्ही वहीत लिहा आणि मधला आकडा व्ही म्हणून घ्या. जोडीदारानं पट्टीकडे बघायचं, पडदा हलवणाऱ्यानं फक्त प्रतिमेकडे. दोन्ही कामं एकानं केली की हात आपोआप हव्या त्या आकड्यावर थांबतो. हे मुद्दाम कुणी करत नाही, माझाही हात थांबतो.

नमुन्यादाखल एका भिंगाची वाचनं, सगळी सेंटीमीटरमध्ये:

यू २०.०, व्ही ५९.०, एफ १४.९४
यू २५.०, व्ही ३७.२, एफ १४.९५
यू ३०.०, व्ही ३०.३, एफ १५.०७
यू ३५.०, व्ही २६.०, एफ १४.९२
यू ४०.०, व्ही २४.१, एफ १५.०४
यू ५०.०, व्ही २१.३, एफ १४.९४

सरासरी १४.९८, पण पट्टीवर मिलिमीटरच वाचता येतो, तेव्हा १५.० लिहा आणि पुढे ‘कमीजास्त ०.१’ असं लिहायला लाजू नका. शेवटचा स्तंभ बघा: एखाद-दोन ओळी अगदी जुळतात, पण सगळ्या मिळून थोड्या इकडेतिकडे आहेत. खरी वाचनं अशीच असतात. सहाच्या सहा ओळींत १५.०० आलं की मी वही बाजूला ठेवतो आणि त्या गटाला माझ्यासमोर एक वाचन घ्यायला लावतो.

आता काळजी कुठे घ्यायची? बहुतेक मुलं यू २० असताना घाबरतात, कारण तिथे प्रतिमा तिप्पट मोठी असते आणि स्पष्टतेचा पट्टा एक-दीड सेंटीमीटरचा. पण हिशेब करून बघा. यू २०, व्ही ६० असेल तर एफ १५. व्ही चुकून ६१ वाचलं तरी एफ १५.०६. अख्ख्या सेंटीमीटरच्या चुकीनं उत्तर जेमतेम अर्धा मिलिमीटर हललं. उलट व्ही ६० च ठेवून यू २० ऐवजी २०.५ धरलं तर एफ १५.२८, म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीला जवळजवळ तीन मिलिमीटर. दोन अंतरांपैकी जे लहान, त्यातली चूक महाग पडते. यू ५० असताना हेच उलटं होतं, तिथे पडदा जपून लावावा लागतो. मुलं नेमकी उलट वागतात: पडद्यावर पाच मिनिटं आणि वस्तूचं अंतर एका नजरेत.

गणित आणि चिन्हं

सूत्र: १/व्ही − १/यू = १/एफ. कार्टेशियन संकेतानुसार अंतरं भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून, म्हणजे मध्यापासून, मोजायची, वस्तू डावीकडे म्हणून यू ऋण. पहिल्या ओळीत यू = −२०.०, व्ही = +५९.०. मग १/५९ − (१/−२०), म्हणजे ०.०१६९५ + ०.०५००० = ०.०६६९५, आणि याचा व्यस्त (१ भागिले हा आकडा) १४.९४.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला वजा वजाचा: यूचं चिन्ह न घालता सूत्रात वजाबाकी केली की पहिल्याच ओळीत उत्तर ऋण येतं आणि बहिर्वक्र भिंग कागदावर अंतर्वक्र होऊन बसतं. दुसरा व्यस्ताचा. ०.०६६९५ पर्यंत पोचून गट खूश होतो आणि ‘नाभीय अंतर ०.०६६९५ सेमी’ असं रेघ मारून अधोरेखित करतो. केसाच्या जाडीच्या दहाएक पट! उत्तर लिहिण्याआधी एकदा भिंगाकडे बघा.

यूची सरासरी, व्हीची सरासरी आणि मग एकदाच एफ, हे करू नका. दर ओळीचा एफ काढा, सरासरी त्याची.

आलेख

बारावीला आलेख लागतो, दहावीलाही काढून बघायला हरकत नाही. आडव्या अक्षावर यू, उभ्यावर व्ही, दोन्ही धन धरून. वक्र येतो. दोन्ही अक्षांना प्रमाण सारखं ठेवून शून्यापासून ४५ अंशांची रेघ काढली की ती वक्राला जिथे छेदते तिथे यू आणि व्ही सारखे, दोन्ही ३०. म्हणजे दुप्पट नाभीय अंतर. ३० च्या आसपास वाचनं जास्त घ्या म्हणालो ते याचसाठी. वक्राचा तोच भाग नीट आला पाहिजे.

१/यू आणि १/व्ही यांचा आलेख सरळ रेषा देतो, आणि ती दोन्ही अक्षांना १/एफ वर छेदते, वरच्या वाचनांसाठी ०.०६६७ च्या आसपास. फक्त दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू झाले पाहिजेत. कागद वाचवायला अक्ष ०.०२ पासून काढला की छेद भलत्याच जागी दिसतो.

माझी आवडती पद्धत: भिंगाच्या दोन जागा

पाठ्यपुस्तकात हिला फार जागा नसते, पण शाळेच्या साधनांत सगळ्यात विश्वासू उत्तर हीच देते असं माझं मत आहे.

वस्तू आणि पडदा पक्के करा, पुन्हा हलवायचेच नाहीत. त्यांच्यातलं अंतर ‘मोठा डी’, ढोबळ नाभीय अंतराच्या चौपटीहून बऱ्यापैकी जास्त. १५ च्या भिंगाला ८० घ्या. आता फक्त भिंग सरकवा. वस्तूजवळ एका जागी पडद्यावर मोठा ‘क’ उमटतो. भिंग पडद्याकडे नेत राहा, प्रतिमा बिघडते, आणि पडद्याजवळ पुन्हा एकदा, या वेळी छोटासा, ठसठशीत ‘क’ येतो. भिंगाच्या या दोन जागांमधलं अंतर ‘छोटा डी’. एफ काढायचं असं: मोठ्या डीच्या वर्गातून छोट्या डीचा वर्ग वजा, भागिले मोठ्या डीची चौपट.

माझ्या बेंचवर ८०.० ला छोटा डी ४०.१ आला. ६४०० वजा १६०८, भागिले ३२०, म्हणजे १४.९७. मोठा डी ९०.० केल्यावर ५२.१, उत्तर १४.९६. ७०.० ला २६.३, उत्तर १५.०३.

यात भिंगाचा मध्य नक्की कुठे आहे हे माहीतच असावं लागत नाही. स्टँडची खूण मध्यापासून तीन मिलिमीटर पुढे असली तर दोन्ही जागी तीन मिलिमीटरच पुढे असते आणि वजाबाकीत उडून जाते. वर विणकामाच्या सुईनं केलेली कसरत भिंगापुरती तरी वाचते. वस्तू आणि पडद्यामधलं अंतर मात्र नीटच मोजायला हवं.

दुसरी गंमत: मोठ्या आणि छोट्या ‘क’ची उंची मोजा. दोन सेंटीमीटरच्या ‘क’ची ८० ला साधारण ६ सेमी आणि ०.६७ सेमी येते. दोन्हींचा गुणाकार ४, वर्गमूळ २. मूळ वस्तूला हात न लावता तिची उंची मिळाली.

मोठा डी ६० वर आणला तर दोन्ही जागा एकमेकींत मिसळतात, आणि ६० च्या खाली कुठेच प्रतिमा मिळत नाही. हे करून दाखवा, ‘चौपट का?’ या प्रश्नाचं तोंडी उत्तर तिथेच मिळतं.

ही पद्धत बेसेलच्या नावानं ओळखली जाते. फ्रीड्रिख बेसेल हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. त्यानंच १८३८ साली हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं, ताऱ्याचं विश्वासार्ह मोजलेलं ते पहिलं अंतर. ते त्यानं काढलं दृष्टिभेदावरून: पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून.

टाचण्या आणि दृष्टिभेद

अकरावी-बारावीतली टाचण्यांची पद्धत याच दृष्टिभेदावर चालते, मुलं त्याला ‘पॅरालॅक्स’च म्हणतात. समजत नसेल तर आधी भिंग बाजूला ठेवा. दोन्ही हातांची एकेक तर्जनी एकामागे एक धरा, एक डोळा मिटा, डोकं डावीकडे न्या. जवळचं बोट लांबच्याच्या तुलनेत उजवीकडे जातं. डोक्याच्या उलट जाते ती वस्तू जवळची, डोक्याबरोबर येते ती लांबची. दोन्ही बोटं एकाच जागी आणली की डोकं कितीही हलवा, ती एकमेकांना सोडत नाहीत.

भिंगाच्या एका बाजूला वस्तूची टाचणी, दुसऱ्या बाजूला शोधाची टाचणी. डोळा शोधाच्या टाचणीमागे किमान २५-३० सेमी. इथेच बहुतेक जण चुकतात, नाक टाचणीला लावून बघतात आणि काही दिसत नाही म्हणतात. टाचणीची उलटी प्रतिमा भिंगाच्या ‘आत’ शोधू नका, ती भिंगाच्या अलीकडे हवेत लटकलेली असते. दोन्ही टोकं एकमेकांना टेकतील अशी उंची करा, मग डोकं हलवा. प्रतिमा डोक्याबरोबर सरकली तर ती शोधाच्या टाचणीपलीकडे आहे, टाचणी भिंगाकडे न्या. उलट सरकली तर टाचणी स्वतःकडे ओढा. टोकं एकत्र हलायला लागली की झालं. अंधार लागत नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा, आणि दोन टाचण्यांवर कागदाच्या वेगळ्या रंगाच्या झेंड्या लावल्या की कोणती कुठली हा घोळ होत नाही.

आरशाची पद्धत याचीच धाकटी बहीण. सपाट आरसा टेबलावर, त्यावर भिंग, वर स्टँडमध्ये आडवी टाचणी. वरून बघत टाचणी वर-खाली करा. टाचणी आणि तिची उलटी, तेवढ्याच मापाची प्रतिमा यांच्यातला दृष्टिभेद गेला की टाचणीपासून भिंगापर्यंतचं अंतर म्हणजेच एफ. दोन मिनिटांत होते, पडताळ्याला उत्तम.

प्रतिमा खराब येत असेल तर

‘क’च्या कडांना निळसर-तांबूस झालर दिसली तर तो भिंगाचा दोष नाही, काचेचा स्वभाव आहे. निळा प्रकाश जास्त वळतो, तांबडा कमी. साध्या काचेच्या १५ सेमीच्या भिंगात निळ्या आणि तांबड्याच्या नाभीय अंतरांत दोनेक मिलिमीटरचा फरक असतो. टॉर्चसमोर तांबडा जिलेटिन कागद लावला तर झालर जाते.

कडेतून जाणारे किरण मध्यातल्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे एकवटतात, त्यामुळेही प्रतिमा मऊ पडते. भिंगासमोर दीड-दोन सेंटीमीटर भोकाचा काळा कागद लावा, कड लगेच सुधारते. पण भोक फार लहान केलं तर स्पष्टतेचा पट्टाच लांबतो आणि जागा ठरवणं अवघड होतं. मध्यम भोक बरं.

आणि हो, अर्धं भिंग पोस्टकार्डानं झाकलं तर अर्धा ‘क’ जातो का? तोंडी परीक्षेचा हा प्रश्न मी दर वर्षी विचारतो. आधी उत्तर घ्या, मग झाका. ‘क’ पूर्ण राहतो, फक्त मंद होतो, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूकडून येणारा प्रकाश भिंगाच्या प्रत्येक भागातून जातो.

घरी: आजीची चाळिशी

मुलांना घरी करायला मी हे देतो. घरातली जवळचं वाचायची चाळिशी घ्या, आजीला विचारून. फक्त वाचायचा चष्मा हवा. खाली वेगळा नंबर असलेला बायफोकल नको. दूरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर आणा आणि अंतर मोजा. मीटरमध्ये रूपांतर करून व्यस्त घ्या, तो नंबर, डायॉप्टरमध्ये. ५० सेमी आलं तर +२.००. ४० आलं तर +२.५०. मग चष्म्याच्या काडीवर किंवा दुकानाच्या चिठ्ठीवर नंबर असेल तर ताडून बघा. दोन +२ ची भिंगं एकमेकांना चिकटवून धरली की नंबर ४ होतो, प्रतिमा ५० ऐवजी २५ सेमीवर येते. घरात दोघांचा नंबर सारखा निघाला तर हे करून बघता येतं. वडिलांचा लांबचा, वजा नंबरचा चष्मा घेऊन कुणी ‘सर, प्रतिमा येतच नाही’ म्हणत आलं तर ते प्रयोगाचं यशच आहे. ते भिंग अंतर्वक्र असतं.

वहीत लिहिताना

चुकलेलं वाचन खोडू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, आकडा खालून दिसला पाहिजे, आणि शेजारी का चुकलं ते दोन शब्दांत लिहा: ‘गज स्पष्ट केले’, ‘पडदा तिरका’. खोडरबर प्रयोगाच्या तासाला दप्तरातच राहू द्या.

भिंगं परत ठेवताना कोरड्या कापडात गुंडाळा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, विशेषतः कोकणात. पावसाळाभर बंद डब्यात राहिली तर काचेवर बुरशीची जाळी धरते आणि मग ती निघत नाही. डब्यांवर मी आता सेंटीमीटर लिहीत नाही. क, ख, ग लिहितो. कुठल्या अक्षराचं भिंग किती सेमीचं, ते माझ्या डायरीत तारखेसकट आहे, आणि डायरी घरी असते.